खाद्य थर्मामीटर पाहून टाका

आमच्या इंदापूर भागात शेततळ्यात रोहू-कटला सोडणारे वाढले, याचा मला आनंद आहे. पण डिसेंबरातही मे महिन्याच्याच मापाने खाद्य पडतं, ते पाहून जीव तुटतो. मासा थंड रक्ताचा. पाणी २५ ते ३० अंश असेल तर तो भरपूर खातो. २० च्या खाली गेलं की तोंड फिरवतो. मग शेंगदाणा पेंड आणि कोंडा तळाशी कुजतो, अमोनिया वाढतो. त्यातच गारठ्यात बुरशीचा रोग बळावतो. खवल्यांवर आधी लाल चट्टे, मग खोल जखमा. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर त्या सकाळी खाद्य बंदच ठेवा. शेततळ्याला सरकार अनुदान देतं; सोबत एक थर्मामीटर आणि तो वापरायला शिकवणारा माणूसही द्यावा.