हजेरीतली फुली

होळी आली की मेळघाटातला कोरकू माणूस कामावर थांबत नाही. त्याचा हा वर्षातला सर्वांत मोठा सण. पाच दिवस घर, फगवा मागणं, नाच. लांब बांधकामावर गेलेला मजूरही गाव गाठतो. मग धारणीच्या हॉटेलातला भांडेवाला किंवा चिखलदऱ्याच्या लॉजवरचा रूमबॉय मागे का राहील? तो सुटी मागतो. उत्तर मिळतं, ‘बदली दे अन् जाय.’

बदली देतो त्याचाच सोबती. पहाटे भट्टी पेटवायची, स्वतःची टेबलं सांभाळायची, दुपारी दोघांच्या वाटची भांडी घासायची आणि रात्री शटर पाडूनच पाठ टेकायची. हजेरीच्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे एकच ‘हजर’. गावी गेलेल्याच्या रकान्यात फुली, म्हणजे त्याचा रोज कापलेला. काम दोघांचं झालं, मजुरी एकाचीच निघाली. दुसरी गल्ल्यात राहिली.

पुढच्या होळीला तोच सोबती अंग काढून घेतो. मग मालक म्हणतो, पोरांत आता एकी राहिली नाही. एकी होती. तिची मजुरी मात्र कोणी दिली नाही.

एकमेकांना सांभाळून घेणं हा ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा भाग, असं आपण मानतो. स्वभाव एखाद्या होळीपुरता पुरतो. वऱ्हाडात सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणं, टिकली, ती आपल्या पेरणीला समोरच्याची बैलजोडी नक्की येणार या भरवशावर. हॉटेलात हा भरवसा सोबती एकटा देऊ शकत नाही. आज राबणाऱ्याला ईदला किंवा दिवाळीला मोकळं सोडायचं की नाही, हे मालक ठरवतो.

सांभाळून घेण्याची नोंद मालकाला ठेवता येते. ताज हॉटेल समूहाने २००१ मध्ये ‘स्टार्स’ ही योजना आणली. तिच्यात पाहुण्याने दिलेल्या शाबासकीला गुण होते, तसे सहकाऱ्याने दिलेल्या शाबासकीलाही होते. मजुरीपुरतं बोलायचं तर राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा जादा कामाला दुप्पट दर सांगतो. पण मोजकीच माणसं असलेल्या लहान हॉटेलाला तो नियम बांधत नाही. एसटी स्टँडवरच्या हॉटेलातल्या चार-पाच पोरांना त्याचा उपयोग शून्य.

तिथे मालकानेच पुढे व्हावं. बदलीचं काम करणाऱ्याच्या नावावर दुसरी हजेरी मांडावी आणि पगाराला ती वेगळी मोजून द्यावी. त्याला कोणत्या सणाला घरी जायचं आहे, ते विचारून आधीच वहीत लिहून ठेवावं. यात पदरचा एक रुपया जात नाही. एकाचा कापलेला रोज दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एवढंच. तो ठेवून घेणाऱ्याने पोरांना एकी शिकवू नये.