मुलांना पाहू द्या!

जागतिक पर्यावरण दिन येतो ५ जूनला. मुंबईतील राज्य मंडळाच्या शाळा उघडतात त्या जूनच्या मध्यास. साहजिकच या दिनाचे कर्तव्य शाळा उघडल्यावर सावकाश उरकले जाते. चित्रकला, निबंध आणि घोषवाक्ये यांच्या स्पर्धा जाहीर होतात. चित्राचित्रांतून तीच अश्रू ढाळणारी पृथ्वी, तीच कुऱ्हाड आणि तेच धुराडे! निबंधांतील वाक्ये तयार पुस्तकांतून उतरलेली असतात, तर हस्तकलेच्या नमुन्यांत मुलापेक्षा पालकांचाच हात अधिक दिसतो. बक्षीस-समारंभ होतो, छायाचित्रे निघतात आणि पुढील जूनपर्यंत निसर्गास रजा मिळते.

या उपक्रमांमागील हेतूविषयी आम्हांस शंका नाही. निसर्गाचे रक्षण हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. शाळांतून पर्यावरणाचे शिक्षण सक्तीने द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बजावले. स्पर्धा हे तर त्या शिक्षणाचे उत्तम साधन होय. वर्गात पेंगणारे मूल हाती रंग येताच जागे होते, हे कोणताही शिक्षक सांगेल. प्रश्न एवढाच की, आपण बक्षीस देतो ते कशाला? आज ते पाठ केलेल्या मताला मिळते. ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला मिळावयास हवे.

याच मुंबईतील एक उदाहरण बोलके आहे. १९०८ च्या सुमारास एका शाळकरी मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारावयास तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी त्याला नुसते नाव सांगून वाटेला लावले नाही. संग्रहातील पक्षी दाखविले, वाचावयास पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्याला कोणी पदक दिले नव्हते. त्याचा प्रश्न कोणीतरी मनावर घेतला, एवढेच. परंतु त्या एवढ्याशा गोष्टीने भारताला थोर पक्षिशास्त्रज्ञ दिला.

म्हणून आमची सूचना अशी की, शाळांनी पाच स्पर्धांऐवजी एकच घ्यावी, पण ती वर्षभर चालावी. मुलाने आपल्या रस्त्यावरील एक झाड निवडावे, दरमहा त्याचे चित्र काढावे, पाने केव्हा गळली, मोहोर केव्हा आला, फांद्यांवर कोण येऊन बसले, हे टिपून ठेवावे. ज्यास लेखनाची आवड असेल त्याने आपल्या नळाच्या पाण्याचा माग काढावा. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत, हे किती मुलांना ठाऊक आहे? विहार आणि पवई यांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत वाहणारी मिठी ही नदी आहे, नाला नव्हे, हे तरी किती जणांना? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा आपण विसरलेल्या या नदीने आपली ओळख मोठ्या कठोरपणे करून दिली होती. चित्र आणि लेखन शाळेतच व्हावे, आणि परीक्षकाने निकालापूर्वी मुलाला दोन प्रश्न विचारावेत. म्हणजे हात कोणाचा हे आपोआप कळेल.

शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे, हा आक्षेप खरा आहे. पण महिन्याकाठी एक तास हा चार समारंभांच्या तयारीपेक्षा खचितच स्वस्त पडेल.

खरी अडचण निराळीच आहे. डोळे उघडलेले मूल प्रश्न विचारते. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट का ओतले, नाल्यात राडारोडा कोणी टाकला, असे ते वहीत लिहील. ती वही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने आणि विभाग कार्यालयाने वाचली पाहिजे आणि तिला लेखी उत्तर दिले पाहिजे. तसे झाले नाही तर मुले एकच धडा शिकतील: निसर्गप्रेम हे फलकावर लिहावयाचे असते, आचरावयाचे नसते. हा धडा त्यांना शिकविण्यात आपण मोठी माणसे आजवर पुरेशी यशस्वी झालो आहोत. आता तरी मुलांना पाहू द्यावे, आणि ती जे दाखवतील तिकडे पाहण्याचे धैर्य आपणही दाखवावे.