किंगरी वाजवायची कोणी?

‘गोंड आर्ट’ आता आपल्याला नवीन नाही. कॉफी मगवर, डायरीवर, नव्या फ्लॅटच्या भिंतीवर... ठिपक्याठिपक्यांचं हरीण आणि त्याच्या शिंगांतून उगवलेलं झाड. पण या चित्रकलेतली बरीच मोठी नावं मुळात गाणाऱ्यांच्या घरातली आहेत, हे फारसं कोणाला माहीत नसतं. हे लोक म्हणजे परधान, गोंडांचे पिढीजात गायक.

आणि परधान म्हणजे कुठले तरी लांबचे नव्हेत. आमच्या नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे त्यांची वस्ती आहे. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. त्या भागातल्या गोंडांवर हायमेनडॉर्फने १९४०च्या दशकात अभ्यास केला. त्यात एक मजेशीर नोंद आहे: परधानांची घरची भाषा मराठी, पण कथा गायची ती गोंडीत!

पद्धत अशी. गोंडांच्या घराण्याशी एक परधान घराणं वंशपरंपरेने बांधलेलं. कुळदेवाच्या, म्हणजे पेर्सा पेनच्या पूजेत परधानाने किंगरीवर (तीन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य) त्या कुळाची कथा गायची. मूळपुरुष कोण, देव कसा मिळाला, चार देवे-पाच देवे-सहा देवे-सात देवे यांत आपण कोण. बदल्यात धान्य, गुरं, मयतीनंतर कपडे, दागिने. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा एका घराचा आणि सर्व्हर दुसऱ्याच्या घरात. बॅकअप नाही.

आता नेहमीची हळहळ ऐकू येते, ‘पुढची पिढी शिकतच नाही हो.’ मला हे अजिबात पटत नाही. आपण बापाचा धंदा सोडून पुण्या-हैदराबादला आलो तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. परधानाच्या मुलाने नोकरी धरली की मात्र ‘वारसा सोडला’? शिवाय त्याच जुन्या नोंदी सांगतात की गोंड परधानाच्या हातचं खात नसत. म्हणजे गाणं देवाच्या पूजेत, पण गाणारा पंगतीबाहेर. हा वारसा कोणी आनंदाने का पुढे न्यावा?

मध्य प्रदेशात पाटणगढच्या जनगढसिंह श्यामने वेगळी वाट काढली. १९८२ साली सुरू झालेल्या भोपाळच्या भारत भवनमुळे त्याची चित्रं जगापुढे आली. २००१ मध्ये तो जपानमध्ये गेला, पण मागे एक अख्खी शैली ठेवून. भज्जू श्यामला २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्यामना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं ‘भीमायन’ (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनीच चितारलं. इथे कलाकाराचं नाव असतं, मोबदला असतो, आणि यजमान बदलता येतो.

पण चित्राने किंगरी वाचत नाही. चित्र कोणाच्याही भिंतीवर चालतं, कथा मात्र त्याच कुळासमोर गायची असते. म्हणून महोत्सवातली दहा मिनिटं आणि शाल-नारळ यांचा उपयोग नाही. पूर्ण कथा गोंडीतच रेकॉर्ड करा, गायकाची परवानगी घेऊन, त्याच्या नावाने, आणि त्याला दिवसाची नीट मजुरी देऊन. एक प्रत त्याच्या घरी, एक यजमानाच्या घरी. आमच्या क्षेत्रातल्या एखाद्या टीमच्या आउटिंगच्या खर्चात एक कथा होईल.

पोराने शिकायचं की नाही, ते मग त्याचं त्याला ठरवू दे. बघा, पटतंय का.