किलोचा भाव आणि वाईनची द्राक्षं

वाईन म्हटलं की आपल्याला ग्लास आठवतो. फार तर नाशिकच्या पिकनिकचे फोटो. पण चांगली वाईन आधी बागेत तयार होते, आणि त्या बागेचा हिशोबच आपल्याकडे चुकतोय असं माझं मत आहे.

माझ्या मामांची दिंडोरीकडे बाग आहे. अर्धी थॉम्सन, अर्धी शिराझ. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी दोन्हीकडे होते. पुढे मात्र सगळंच उलटं! थॉम्सनचा मणी फुगावा म्हणून जिब्रेलिक ॲसिड देतात. शिराझचा मणी लहानच हवा, कारण लाल वाईनचा रंग आणि टॅनिन मुख्यतः सालीतून आणि बियांतून येतात. मणी लहान, तर रसाच्या मानाने साल जास्त.

त्यासाठी मणी धरल्यापासून त्यात पाणी उतरेपर्यंत ठिबक हात राखून चालवायचं. वेलीला थोडी तहान लागली की शेंडा थांबतो, मणी फार फुगत नाही. पण ताण जास्त झाला तर पानं पिवळी पडतात, साखर भरत नाही. घडांजवळची पानं काढली की हवा खेळते, भुरी कमी येते. पण दुपारच्या उन्हाच्या बाजूची काढली तर घड भाजतात. जास्तीचे घड तर चक्क कापून टाकायचे! शेवटी 22 ते 24 ब्रिक्सला तोडणी. ऊन वाढलं की साखर चढते आणि आम्लता उतरते, त्यामुळे आठवडाभराचा उशीरही महागात पडतो.

एवढं केल्यावर मामांना काय मिळतं? किलोचा भाव. ठरलेला ब्रिक्स आला की सगळ्यांना एकच दर. गेल्या वर्षी मामांनी घड विरळ केले, माल कमी निघाला, पैसेही कमी आले. ज्यांनी भरपूर पाणी देऊन वजन वाढवलं, ते फायद्यात. मामी म्हणाली, "काटा काय चव बघतो का?" मी हसले, पण मनात म्हटलं, हा तर सरळ सिस्टिमचा फॉल्ट आहे. आपण जे मोजतो तेच वाढतं.

कोणी म्हणेल, प्रत्येक ट्रॉली तपासायला वेळ कुठाय? अहो, ब्रिक्समीटर खिशात मावतो! पीएच आणि टायट्रेशन तर आपण फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये करतो. साखर, आम्लता आणि पीएच बघून दराच्या पायऱ्या ठेवता येतील. किंवा परदेशात काही ठिकाणी करतात तसा टनाऐवजी एकरावर करार करा, म्हणजे घड कापण्याचा तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी येणार नाही.

2008-09 च्या मंदीत वाईनची मागणी घसरली, माल पडून राहिला आणि नाशिक भागात अनेकांनी वाईनच्या बागा उपटल्या. वेल लावायला एक दिवस लागतो, विश्वास परत बसायला वर्षं जातात. मामा यंदा घड कापायचे की नाही या विचारात आहेत. त्यांनी कापले नाहीत, तर मी तरी त्यांना दोष देणार नाही. तुम्ही द्याल?