धुराचे इंधन होईल. तोवर चिमण्यांना सवलत नको

ऊन आणि अर्धवाहक पदार्थ वापरून कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन, मिथेनॉलसारखी इंधने बनवता येतात. या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा. पण ‘धुराचेही इंधन होणारच आहे’ असे म्हणत कोळशाच्या वीजकेंद्रांना मुदतवाढ देऊ नये.

१. शास्त्र पक्के आहे. अर्धवाहकावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि कार्बन डायऑक्साइडचे रूपांतर घडवतात. १९७९ मध्ये इनोए, फुजिशिमा, होंडा आदी जपानी संशोधकांनी पाण्यात अर्धवाहकांची भुकटी मिसळून फॉर्माल्डिहाइड आणि मिथेनॉल मिळवले होते.

२. घोडे अडते ते पदार्थापाशी. टायटॅनियम डायऑक्साइड स्वस्त आणि टिकाऊ. पण तो अतिनील किरणच टिपतो आणि उन्हाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश टिपते, पण त्याच प्रकाशात झिजते. शिवाय कॅडमियम विषारी.

३. हिशेब मांडून पाहा. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर तासाला अडीच हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडेल. एक ग्रॅम उत्प्रेरक (म्हणजे हाच अर्धवाहक पदार्थ) तासाला १०० मायक्रोमोल, म्हणजे ४.४ मिलिग्रॅम वायू वापरतो असे धरू. प्रयोगशाळांतले बरेच आकडे याहूनही कमी असतात. तरी अडीच हजार टनांसाठी साडेपाच लाख टनांवर उत्प्रेरक उन्हात पसरावा लागेल. आणि रात्री?

४. उन्हाचा पहिला उपयोग विजेसाठी व्हावा. सौरविजेचे एक युनिट कोळशाच्या एका युनिटाची जागा घेते, तेव्हा सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड मुळात तयारच होत नाही. धुरापासूनचे इंधन मात्र जळताना तो वायू पुन्हा हवेत सोडते. म्हणून ते लांब पल्ल्याची विमाने आणि जहाजे यांच्यासाठी राखावे. तिथे बॅटरी पुरत नाही.

५. दावे तपासून घ्यावेत. उत्प्रेरकात राहून गेलेल्या सेंद्रिय अंशातूनही मिथेन निघू शकतो. कार्बन-१३ असलेला वायू वापरला, तर इंधनातला कार्बन नेमका कुठून आला ते कळते. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला ही चाचणी सक्तीची करावी आणि उन्हातली किती टक्के ऊर्जा इंधनात उतरली, हेही जाहीर करायला लावावे.

६. दोन्ही निर्णय वेगळे ठेवावेत. संशोधनाचा निधी दहा-वीस वर्षांचा विचार करून द्यावा. वीजकेंद्रातला जुना संच बंद करायचा की चालवायचा, हे मात्र आज उपलब्ध असलेल्या पर्यायांवर ठरवावे. उद्याच्या उत्प्रेरकाच्या भरवशावर नव्हे.