होकायंत्र मनगटावर की छातीवर?

2 ऑगस्ट 2016च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटीच्या दोन गाड्या पुरात गेल्या, त्यांच्याबरोबर खासगी वाहनही. एनडीआरएफ, नौदल आणि तटरक्षक दल शोधाला लागले. क्रेनला सुमारे 300 किलोचे लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपण्यात आला. तरीही पहिल्या बसचा सांगाडा नौदलाच्या पाणबुड्यांच्या हाती लागला तो 11 ऑगस्टला, आणि तोही पुलापासून सुमारे 200 मीटरवर. तोवर काही मृतदेह खाडीवाटे समुद्रात जाऊन दापोलीच्या किनाऱ्याला लागले होते.

बस इतकी जवळ असून एवढे दिवस का लागले, हे पावसाळ्यातली सावित्री पाहिलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. महाबळेश्वरच्या डोंगरातून माती घेऊन उतरणारे पाणी, खालून बाणकोटच्या खाडीची भरती, ओढीबरोबर येणारी झाडे आणि नदीत मगरींचा वावर. अशा पाण्यात पाणबुड्याला स्वतःच्या हाताची बोटेही दिसत नाहीत. जे काही करायचे ते स्पर्शाने.

त्या दुर्घटनेनंतर जुन्या पुलांच्या तपासणीवर खूप बोलले गेले, आणि ते योग्यच होते. मात्र बचावाची चर्चा बहुतेक वेळा खरेदीपाशीच थांबते: बोटी किती, सिलिंडर किती, जॅकेटे किती. ही साधने पाणबुड्याच्या अंगावर नेमकी कुठे असावीत, हा प्रश्न किरकोळ समजून ज्याच्या त्याच्यावर सोडला जातो. गढूळ नदीत याच प्रश्नावर जीव अवलंबून असतो.

होकायंत्राचेच उदाहरण घ्या. ते बसवायच्या रूढ जागा तीन. पहिली मनगट, घड्याळासारखी. दुसरी म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकाच्या नळीवर, त्याच डब्यात. तिसरी छातीवरच्या कडीला, ओढली की लांबणाऱ्या आणि सोडली की परत जाणाऱ्या दोरीवर. तारकर्लीच्या स्वच्छ समुद्रात मनगटावरचे होकायंत्र उत्तम चालते. पण ते नीट वाचायचे तर हात शरीराच्या रेषेत स्थिर धरावा लागतो आणि तबकडी सपाट ठेवावी लागते, नाहीतर सुई अडकते. तळ चाचपणाऱ्या माणसाचे दोन्ही हात कामात असतात, त्याला ही चैन परवडत नाही. नळीवरचा डबा खाली लोंबतो आणि फांदीत, तारेत गुंततो. राहिली छातीची जागा. तिथले होकायंत्र दोन्ही हातांनी उचलून थेट मुखवट्याच्या काचेला भिडवता येते. अर्ध्या वितीच्या अंतरावरून दिसण्याची थोडी तरी शक्यता असेल, तर ती इथेच आहे. सावित्रीसाठी छातीचीच जागा ठरवावी.

जागा ठरवताना शेजारी काय आहे तेही पाहावे लागते. पोलादी सुरी, चुंबकाच्या खटक्यावर चालणारी विजेरी, पोलादी सिलिंडर यांनी सुई बहकते. अॅल्युमिनियमच्या सिलिंडरचा हा त्रास नाही. आणि शोध बसचा असेल तर मोठीच अडचण उभी राहते: लोखंडी सांगाड्याजवळ सुई उत्तर सोडते, म्हणजे शोधाच्या ऐन टप्प्यावर होकायंत्राचा भरवसा संपतो. म्हणून गढूळ पाण्यातल्या शोधात मुख्य आधार दोराचा. काठावरचा साथीदार दोर धरतो, ठरलेल्या हिसक्यांनी खुणा देतो आणि पाणबुड्याला कमानीसारख्या फेऱ्यांत फिरवतो. हा दोर जॅकेटला बांधणे चूक आहे. जॅकेट काढायची वेळ आली तर दोरही सुटतो. तो आतून घातलेल्या स्वतंत्र पट्ट्यालाच हवा.

सुरीचेही तसेच. चित्रपटांतला पाणबुड्या ती पोटरीला बांधतो. दोर पायात गुंतला आणि वाकता आले नाही तर ती सुरी असून नसल्यासारखी. छातीजवळ, दोन्ही हात पोचतील अशा ठिकाणी ती असावी, आणि दुसरे एक कापायचे साधन वेगळ्या जागी. साथीदाराला हवा देणाऱ्या जादा नळीचे तोंड हनुवटी ते बरगड्यांच्या त्रिकोणात असावे, असे जगभर शिकवतात. वीज गेल्यावर काडेपेटी हाताला लागते ती तिची जागा ठरलेली असते म्हणून. इथे तर शोधणारा हात दुसऱ्याचा असतो, घाबरलेला असतो.

2018 साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा जागेचे हे महत्त्व साऱ्या जगाने पाहिले. ब्रिटिश गुहा-पाणबुडे सिलिंडर पाठीऐवजी कुशीला बांधून अरुंद फटींतून गेले. मुलांना बाहेर काढताना सिलिंडर त्यांच्या पुढच्या बाजूला बांधला आणि पाठीवर धरायला मूठ ठेवली. त्या मुलांसाठी मांडणी नव्याने विचार करून ठरवली गेली. त्याच मोहिमेत थाई नौदलाचे माजी पाणबुडे समन कुनान यांचा 6 जुलैला मृत्यू झाला. इतक्या तयारीतही ते पाणी किती निर्दय होते, हे त्यावरून कळते.

प्रत्येकाचा बांधा वेगळा, सवय वेगळी, मग एकच मांडणी का लादायची, असा आक्षेप अनुभवी पाणबुडे घेतात. पर्यटकापुरता तो खरा आहे. बचाव पथकात मात्र एकाचा हात दुसऱ्याच्या साधनावर न पाहता पोचला पाहिजे. डावखुऱ्याने सुरीची बाजू जरूर बदलावी, पण ती बदलल्याचे पथकातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

महाड-पोलादपूरला हा विचार दुसऱ्यांवर सोपवता येणार नाही. एनडीआरएफचा मोठा तळ पुण्याजवळ, घाटापलीकडे आहे. जुलै 2021च्या महापुरात, तळिये गावावर दरड कोसळली त्या दिवसांत, रस्तेच बंद होते. पहिले काही तास स्थानिक तरुणांचेच असतात. त्यांना घाईने पाण्यात लोटावे असे कोणी म्हणू नये. पुराच्या ओढीत बुडी मारणे प्रशिक्षितालाही मारक ठरते. पण ओढ कमी झाल्यावर शोध घेणारे हात इथलेच असावेत. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे मूलभूत शिक्षण, आणि त्यानंतर हिवाळ्यात, सावित्रीचे पाणी उतरलेले असताना, मुखवट्याची काच काळ्या कागदाने झाकून इथल्याच डोहात सराव, असा कार्यक्रम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आखावा. सगळ्या संचांची मांडणी एकसारखी असावी, तिचे चित्र प्रत्येक पथकाकडे असावे, आणि काठावर दोर धरणाऱ्यालाही पाण्यात उतरणाऱ्याइतकेच तास शिकवावे.