पोस्टर गॅलरीत पोहोचलं, पण लिहिणारा हात कुठे आहे?

सिनेमाचं पोस्टर आता रद्दी राहिलेलं नाही. २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने हिंदी सिनेमाच्या पोस्टर आणि होर्डिंगवर मोठं प्रदर्शन भरवलं. २०१९ मध्ये मुंबईत पेडर रोडला भारतीय चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. जे थिएटरबाहेर उन्हापावसात टांगलेलं असायचं, ते आता काचेआड आलं आहे. ही खुशीचीच बाब आहे. सवाल एवढाच, की त्याच्याखाली नाव कुणाचं लागणार?

१९५०-६० च्या जमान्यातलं एखादं पोस्टर नीट बघा. सिनेमाचं नाव अनेकदा तीन लिप्यांत दिसतं: इंग्रजी, देवनागरी आणि उर्दू. हिरो-हिरॉइनची नावं ठळक असतात. चित्रकाराची सही कधी कोपऱ्यात सापडते, कधी नाही. पण ती डौलदार उर्दू अक्षरं ज्या कातिबाने काढली, त्याचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं. कॉम्प्युटर येईपर्यंत उर्दू अखबारही हातानेच लिहिले जायचे. ही कारागिरी आपल्या मोहल्ल्यांतली होती. ते हात आता थकले, बरेचसे तर मातीआड गेले.

पोस्टर आणि गॅलरी यांच्यातलं अंतर फार मोठं नाही, हे मकबूल फिदा हुसेन यांच्याकडे बघून कळतं. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेल्या या माणसाने मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं. १९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. १९५४ सालचं त्यांचं ‘ग्राम यात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १३.८ दशलक्ष डॉलरला, म्हणजे शंभर कोटी रुपयांच्या वर, विकलं गेलं. त्यांच्या काही चित्रांवर हिंदुत्ववादी संघटनांनी रान उठवलं. २००४ मध्ये ‘मीनाक्षी’ सिनेमातल्या एका कव्वालीवर काही मुस्लिम संघटनांनीही हरकत घेतली. अखेर २०११ मध्ये लंडनला, वतनापासून दूर, त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, होर्डिंगवाल्याचा हात कुठवर जाऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता आपल्याकडे बघू. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे. आत जायला तिकीट नाही. सीएसएमटी स्टेशनवरून माणूस चालत पोहोचतो. तरी भेंडी बाजार, मदनपुरा, मुंब्र्यातली किती कुटुंबं रविवारी मुलांना घेऊन तिथे जातात? “ती जागा मोठ्या लोकांची” असं आपणच ठरवून टाकलं आहे. तस्वीरीबद्दल काही घरांत संकोच असतो, त्याचा मान ठेवूया. पण खुशखत तर आपल्या प्रत्येक घरात टांगलेलं आहे. ते बघायला कसला संकोच?

दुसरीकडे, समाजासाठी कार्यक्रम ठेवायचा म्हटलं की आयोजकांना मेंदी, कव्वाली आणि बिर्याणीच आठवते. यात वाईट काही नाही. पण अशा वेळी आपण फक्त सजावट होतो, कलाकार होत नाही. खरी दावत म्हणजे एखाद्या बुजुर्ग कातिबाला बोलवून, कलम हातात देऊन मुलांसमोर बसवणं. मराठी शाळेतल्या पोरांनाही त्या वळणांची मजा कळेल.

यासाठी सरकारची वाट बघायची गरज नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी पोस्टर्स, शादीचे रुक्के, कलमं, रंगाचे डबे पडले असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी फोटो काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: कुणी बनवलं, कुठे, कोणत्या साली. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. आणि प्रदर्शनात गेलात, तर अभिप्रायाच्या वहीत एक ओळ जरूर लिहा: “ही उर्दू अक्षरं कुणी लिहिली?”

असं विचारणारे वाढले, तर आयोजकांना ती नावं शोधावी लागतील. पण सांगणारे बुजुर्ग आता थोडेच उरलेत. त्यामुळे हे काम पुढच्या ईदवर ढकलण्यासारखं नाही.